डोळ्यांखाली राख कशाला फासायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'पाच मिनिटांत काळी वर्तुळं गायब' अशी एक चौकट छापून आली होती. सल्ला तीनच ओळींचा. त्वचेपेक्षा दोन शेड फिकट कन्सीलर (डाग झाकायचा त्वचेच्या रंगाचा लेप) घ्या, डोळ्यांखाली गालापर्यंत उलटा त्रिकोण रंगवा, वर भरपूर पावडर थापून दहा मिनिटं तशीच राहू द्या. माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीनं तो तंतोतंत पाळला. दुसऱ्या दिवशी तिचा ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली ती ओढणीनं अर्धा चेहरा झाकून. ओढणी बाजूला केली तर सावळ्या, तुकतुकीत चेहऱ्यावर डोळ्यांखाली दोन राखाडी त्रिकोण. डस्टर फिरवल्यावर फळ्यावर खडूचा जो धुरकट फराटा उरतो ना, अगदी तोच रंग.

ती रडवेली झाली होती आणि दोष स्वतःला देत होती. म्हणे, माझाच हात चांगला नाही. तिचा हात उत्तम आहे. चूक चौकटीची आहे, आणि ती का, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच. पत्र लांबणार आहे. कात्री तुमच्या हातात आहेच.

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या बाईंना रंग कळतात म्हणजे रंगभूषाही येणारच, या हिशेबानं शाळेच्या प्रत्येक नाटकाचे चेहरे माझ्या गळ्यात पडायचे. बारा वर्षांच्या पोराचा आजोबा करायचा असला की सगळ्यांची धावपळ मिशा आणि पांढऱ्या केसांसाठी. पण म्हातारपण येतं ते डोळ्यांखाली. तपकिरीत किंचित जांभळा कालवायचा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाच्या हाडाकडे एक तिरपी रेघ ओढायची, तिची वरची कड बोटानं विरवायची, खालची तशीच ठेवायची आणि तिला लागून खाली फिकट रंगाची बारीक रेघ द्यायची. झालं. तिसऱ्या रांगेतून पोरगा साठीचा दिसतो. मराठीत 'काढणे' या शब्दाची मोठी गंमत आहे. चित्रही काढतात आणि डागही काढतात. मी काळी वर्तुळं आयुष्यभर पहिल्या अर्थानं काढत आले, म्हणून दुसऱ्या अर्थानं ती कितपत निघतात याचा मला थोडा अंदाज आहे.

शिवाय माझी स्वतःची आहेतच. वडिलांकडून आलेली. त्यांचा विशीतला एक फोटो माझ्या कपाटात आहे. त्यात मिशी नीट फुटलेली नाही, पण डोळ्यांखालच्या छाया पूर्ण वाढलेल्या आहेत. मला शाळकरी वयापासून लोक विचारत आले, "झोप झाली नाही का?" शिक्षकखोलीत तर हा प्रश्न 'कशा आहात' याच्या जागीच वापरला जायचा. रात्री दहाला आडवी होणारी आणि पहाटे पाचला उठणारी बाई मी, पण माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. तुमच्या चौकटीतही 'थकलेला, आळसावलेला चेहरा' असे शब्द आहेत, ते मला म्हणूनच झोंबले. जागरणानं चेहरा फिकुटतो आणि वर्तुळं उठून दिसतात हे खरं. पण ज्याच्या डोळ्यांखाली काळं तो जागरणं करतो, हे त्यावरून निघत नाही. घराण्याची देणगी असते, वयानं गालावरची चरबी ओसरते, नाक सतत चोंदलेलं असलं की डोळ्यांखालच्या शिरांत रक्त तुंबतं, खाज येते म्हणून माणूस डोळे चोळतो आणि चोळून चोळून त्वचा काळवंडते. उन्हाचा वाटा वेगळाच. यातलं आळसात काय बसतं?

आता मुद्द्यावर येते. 'काळी वर्तुळं' हे एकच नाव आपण तीन वेगळ्या गोष्टींना दिलं आहे. एक म्हणजे त्वचेतलाच रंग, तपकिरी. दुसरी म्हणजे त्वचेखालच्या शिरा. डोळ्यांभोवतीची त्वचा अंगावरच्या सगळ्यांत पातळ त्वचेपैकी, मिलिमीटरभरसुद्धा जाडी नाही, तेव्हा खालचं रक्त तिच्यातून निळं-जांभळं झिरपून दिसतं. आणि तिसरी म्हणजे नुसती सावली. तिथं खळगा असतो किंवा फुगवटा असतो, आणि त्याची छाया पडते. त्वचेचा रंग तिथं अगदी इतर चेहऱ्यासारखाच असू शकतो. बहुतेकांच्या बाबतीत तिघींची मिसळ असते, पण कुणाचं पारडं जड आहे ते कळल्याशिवाय डबी उघडण्यात अर्थ नाही.

ते कळायला एक हातातला आरसा आणि एक खिडकी पुरते. भाचीचा चेहरा आधी धुवायला लावला आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. दिवस अजून मावळला नव्हता हे नशीब. आधी तिला म्हटलं, हनुवटी वर कर, छताकडे बघ. उजेड थेट डोळ्यांखाली पडला, तरी काळेपणा जवळपास तसाच राहिला. म्हणजे सावलीचा वाटा थोडा. माझ्यावर हाच प्रयोग केला तर माझं निम्मं काळं जागच्या जागी नाहीसं होतं, कारण या वयात माझा मुख्य ऐवज खळग्यांचाच आहे. मग तिच्या डोळ्याखालची त्वचा बोटानं अगदी हलकेच खाली ताणली. शिरांचा मामला असेल तर ताणल्यावर जांभळेपणा गडद होतो. तिची वर्तुळं तपकिरीची तपकिरीच राहिली आणि त्वचेबरोबर सरकली. फक्त नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात थोडी निळसर झाक आली. ही काही दवाखान्यातली तपासणी नव्हे, पण रंग निवडण्यापुरतं एवढं पुरतं.

तिच्या चेहऱ्यावर राख कुठून आली, ते आता सांगते. जलरंग शिकवताना मुलं हमखास एक चूक करतात. गडद रंग चुकला की त्यावर पांढरा पोस्टर कलर पातळ करून फासतात. गडद जात नाही, फिकट होत नाही, आणि वर एक निळसर राखाडी साय येते. पांढऱ्याचे बारीक कण गडद पार्श्वभूमीवर पातळ पसरले की ते असेच निळसर दिसतात. फळ्यावरच्या खडूचं तेच. शीर निळी दिसते तीही काहीशी याच कारणानं. तिच्यातलं रक्त गडद लालच असतं, वरच्या त्वचेमुळं आपल्याला निळं भासतं. कन्सीलर म्हणजे तरी काय? पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद देणारं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि त्याला त्वचेच्या रंगाकडं नेणारी पिवळी, लाल, काळी लोह ऑक्साइडं. ही शेवटची मंडळी आमच्या ओळखीची. गेरू आणि पिवळी माती त्याच कुळातली. शेड जितकी फिकट तितकं पांढऱ्याचं प्रमाण जास्त. दोन शेड फिकट कन्सीलर तपकिरी वर्तुळावर लावा म्हणजे पोरं करतात तीच चूक चेहऱ्यावर करा. गोऱ्यापान, किंचित गुलाबी कातडीवर ते खपून जात असेल. सावळ्या आणि काळ्या कातडीवर राख दिसणारच. राख दिसली की माणूस काय करतं? आणखी एक थर देतं. मग राख जाड होते.

उपाय रंगचक्रात आहे, आणि तो चौथीच्या मुलालाही येतो. निळ्याचा विरोधी नारंगी, जांभळ्याचा विरोधी पिवळा. विरोधी रंग एकमेकांत गेले की दोघांचाही ठसका मरतो. म्हणून आधी करेक्टर, म्हणजे खालचा रंग मारणारा विरोधी रंगाचा लेप, मग कन्सीलर. फिकट त्वचेवर पीच रंग पुरतो, सावळ्यावर सरळ नारंगी लागतो, आणि खूप गडद त्वचेवर विटकरीकडे झुकणारा लालसर नारंगी. डबीतला हा रंग बघून माणसं दचकतात. भाचीही दचकली. "मावशी, हे लावून मी बाहेर जायचं?" तिला म्हटलं, हे लावून नाही, हे लावून त्यावर दुसरं काही लावून.

ते आम्ही कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या चौकटीत गाळलं गेलं ते नेमकं हेच.

साधं मॉइश्चरायझर डोळ्यांखाली बोटाच्या टोकानं टेकवलं आणि पाच मिनिटं हातही लावला नाही. ते मुरायच्या आत पुढचा थर दिला की रबर घासल्यावर पडतात तशा बारीक वळ्या निघतात. मग नारंगी करेक्टर, टाचणीच्या डोक्याएवढा. खरोखर टाचणीच्या डोक्याएवढा, एका डोळ्याला एक. तो सगळ्या वर्तुळावर नाही लावायचा. बहुतेक चेहऱ्यांत सगळ्यांत गडद जागा असते नाकालगतचा कोपरा आणि तिथून उतरणारी पन्हळ. बाहेरच्या कोपऱ्याकडे त्याची गरजच नसते. अनामिकेनं टेकवत गेले, कारण त्या बोटात जोर कमी. घासायचं नाही, टेकवायचं. घासलं की रंग जागचा हलतो आणि त्वचा लाल होते, मग ते लालही झाकत बसा. एक मिनिट थांबून पाहिलं तर काळं जाऊन तिथं एक मळकट, पण उबदार रंग आला होता. सुंदर अजिबात नव्हता. पण राखाडीही नव्हता, आणि इथं निम्मी लढाई संपते.

त्यानंतर बाकी चेहऱ्याला काय लावायचं ते लावून घ्यावं आणि कन्सीलर सगळ्यांत शेवटी. हा क्रम मी ठरवला तो अनुभवानं. बाकी चेहरा एकसारखा झाला की डोळ्यांखाली आपल्याला वाटलं होतं त्याच्या अर्धंही झाकावं लागत नाही. कन्सीलर तिच्या त्वचेच्याच शेडचा, हातावर नव्हे तर जबड्यालगत लावून उजेडात पारखलेला. फारच हौस असेल तर अर्धी शेड फिकट. ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजनं दाबत दाबत बसवला, कडा गालात विरवल्या. उलटा त्रिकोण नाही. काळं जिथं संपतं तिथं कन्सीलर संपला पाहिजे. गालाला काय झालंय की त्यालाही झाकावं?

पावडरीचं सांगते. कन्सीलर लावल्यावर दोन मिनिटांत डोळ्यांखालच्या सुरकुतीत तो गोळा होतोच, एकोणीसच्या वयातही, कारण माणूस हसतो, डोळे मिचकावतो. म्हणून तिला वर बघायला लावलं, गोळा झालेली रेघ बोटानं टेकवून सपाट केली, आणि त्याच क्षणी, डोळे खाली यायच्या आत, तेवढ्या रेघेवर नखभर पावडर दाबली. रेघ पडून मग पावडर लावली की ती रेघ दिवसभर छापल्यासारखी राहते. पावडर थापून दहा मिनिटं ठेवण्याचा जो प्रकार आहे, तो झगझगीत दिव्यांखाली उभं राहायचं असेल तर ठीक. रोजच्या उजेडात हातभर अंतरावरून डोळ्यांखालची कातडी वाळलेल्या गाळासारखी दिसते.

इतकं झाल्यावर तिला आरसा हातभर लांब धरायला लावला. मोठं करून दाखवणारा आरसा या कामात वैरी. त्याच्यात बघत राहिलात तर थांबायचं कुठं ते कळतच नाही. थोडा काळेपणा शिल्लक होता आणि तो मी मुद्दाम ठेवला. डोळ्याभोवती थोडी सावली प्रत्येक चेहऱ्यावर असते, लहान मुलांच्यासुद्धा. ती पुरती पुसली की डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. व्यक्तिचित्र काढणाऱ्या कुणालाही विचारा.

तुमच्या मथळ्यातल्या 'गायब' शब्दावरून एक आठवलं. मॅक्स फॅक्टर कंपनीनं १९५४ साली कन्सीलरची कांडी बाजारात आणली, तिचं नाव 'इरेस'. म्हणजे खोडणं. तेव्हापासून ही खोडण्याची भाषा चालू आहे. पण कांडी खोडत काहीच नाही, ती वरून रंगवते. खोडरबरानं खालचं जातं, रंगानं खालचं राहतं आणि वरच्यात मिसळून दिसतं. तुमच्या चौकटीची सगळी गफलत या एका शब्दात आहे. खोडायचं म्हटलं की पांढरं आठवतं. रंगवायचं म्हटलं की खाली कुठला रंग आहे हे आधी विचारावं लागतं.

खळग्याचं आणि फुगवट्याचं काय, हा प्रश्न आमच्या वयाच्या बायका विचारतील. याचं उत्तर फारसं गोड नाही. सावलीला रंग नसतो, त्यामुळं ती रंगानं पुरती जात नाही. खळगा असेल तर त्याच्या तळाशी, फक्त तळाशी, किंचित फिकट कन्सीलरची बारीक रेघ देऊन तो वर उचलल्यासारखा भासवता येतो. फिकट शेडचा उपयोग मी मान्य करते तो एवढ्या एका जागी, आणि तोही रंग आधी निवळवल्यावर. फुगवटा असेल तर त्यावर फिकट काही लावूच नये. फिकट रंग पुढं येतो. पोरांना आजोबा करताना मी हेच करत होते की! फुगवट्याखाली जी काळी रेघ पडते तिच्यावर तेवढं फिकट द्यावं आणि फुगवटा त्वचेच्या रंगाचाच ठेवावा. सकाळी उठल्या उठल्या हा फुगवटा जास्त असतो, रात्रभर आडवं पडल्यानं तिथं पाणी साचतं. तासाभरानं थोडा ओसरतो. म्हणून रंगकाम उठल्याबरोबर करू नये.

सावलीवर खरं औषध उजेडाचंच. डोक्यावरच्या दिव्याखाली जगातल्या सगळ्यांना काळी वर्तुळं असतात. लिफ्टमधल्या आरशात स्वतःला बघून घाबरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यात एक मीही. दिवा डोक्यावर असला की कपाळाच्या हाडाची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि गालाचं हाड उजळून ती आणखी खोल वाटते. तेच माणूस खिडकीसमोर बसवा, दहा वर्षं उतरतात. फोटोच काढायचा असेल तर आधी जागा बदला, मग डबी उघडा.

आता स्वतःची फजिती सांगते, नाहीतर हे पत्र उपदेशाचं होईल. माझ्या एका सहकारी बाईंच्या निरोपसमारंभाला मीच त्यांचा चेहरा केला. खोलीत बघितलं तर काम असं सुरेख की मलाच माझा हेवा वाटला. शेवटचा हात म्हणून डोळ्यांखाली एक अतिशय तलम, पांढरीशुभ्र, लावली की दिसेनाशी होणारी पावडर सढळ फिरवली. समारंभात कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला. फोटो आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली दोन लख्ख पांढऱ्या चंद्रकोरी. ती पावडर सिलिकाची होती. साध्या उजेडात ती दिसत नाही, फ्लॅशचा थेट झोत मात्र तसाच परत फेकते. टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन जाड लावलं तरी हेच होऊ शकतं. तेव्हापासून फ्लॅशचा प्रसंग असेल तर मी आधी फोनवर फ्लॅश मारून एक फोटो काढून बघते. त्या बाईंनी तो फोटो चौकट करून भिंतीवर लावला आहे. मी गेले की मला बरोबर त्याच्या समोरच्या खुर्चीत बसवतात.

चष्म्याबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून लिहिते. दूरचं दिसत नाही म्हणून लागणारा उणे नंबरचा चष्मा डोळे लहान दाखवतो, त्यांच्याबरोबर वर्तुळंही आक्रसतात, पण फ्रेमच्या खालच्या कडेची सावली नेमकी तिथंच पडते. माझा अधिक नंबरचा आहे. तो डोळे मोठे दाखवतो, आणि डोळ्यांखाली जे काही केलंय तेही मोठं करून जगाला दाखवतो. सुरकुतीत साठलेली पावडर मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावल्याशिवाय समोरच्यालाही इतकी दिसत नाही. माझी सोय मी अशी केली आहे की साठीनंतर पावडर सोडली. करेक्टर जवळपास तेवढाच, कन्सीलर निम्मा. नाकावर चष्म्याच्या गाद्या टेकतात तिथलं सगळं टिपकागदानं आधीच टिपून घ्यायचं, नाहीतर तासाभरात दोन भोकं पडतात आणि खालचा नारंगी डोकावतो. हे सगळं चष्मा काढून करायचं म्हणजे अंदाजपंचे. मी एका वेळी एका डोळ्याचं करते आणि मध्ये चष्मा लावून तपासते. वेळ लागतो. निवृत्त माणसाला वेळेचं काय?

इंटरनेटवर एक युक्ती फिरते की करेक्टर नसेल तर लाल-नारंगी लिपस्टिक डोळ्यांखाली लावा. रंगाचं गणित बरोबर आहे, पण ओठांसाठी वापरले जाणारे सगळेच रंग डोळ्यांभोवती लावण्यासाठी नसतात. काहींनी आग होते, काहींचा डाग राहतो. भाचीला मी तसं करू दिलं नाही. आणखी एक, हे सामान कुणाबरोबर वाटून वापरू नये. नाटकाच्या दिवसांत एका पोराचे डोळे आले होते आणि ते मला कळायच्या आत एकच स्पंज सहा चेहऱ्यांवर फिरला होता. पुढच्या आठवड्यात वर्गात कोण कोण लाल डोळे घेऊन आलं ते सांगायला नको. पालकांची बोलणी मी खाल्ली, ती खायलाच हवी होती. डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यात ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने ती चालते. ते चित्र काय आहे हे मला पन्नाशीत कळलं.

रात्री काढताना तर घासणं अजिबात नको. ज्या चोळण्यानं काळं होतं, तेच चोळून आपण ते झाकलेलं काढतो, ही केवढी गंमत! मेकअप काढायच्या द्रवात भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर ठेवून वीस आकडे मोजावेत, मग तो अलगद खाली ओढावा. बरंचसं त्यातच निघून येतं. मस्कराचे कण डोळ्याखाली पडून जे काळं दिसतं, त्यालाही काही जणी वर्तुळच समजतात आणि सकाळी त्यावर कन्सीलर लावतात, तेही बंद होईल.

आणि थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिला काचबिंदूचे थेंब सुरू झाले. काही महिन्यांत डोळ्यांभोवती काळं दिसू लागलं. ती गुपचूप एकामागून एक क्रीमं लावत राहिली, वर कन्सीलरचे थर. नेहमीच्या तपासणीला डोळ्यांच्या डॉक्टरांनीच ते पाहिलं आणि म्हणाले, त्या जातीच्या काही थेंबांनी पापण्यांची आणि भोवतालची त्वचा काळवंडू शकते, आधी बोलायचं होतं. थेंब स्वतःहून बंद करायचे नसतात, नजरेचा प्रश्न आहे. पण विचारायला काय हरकत होती? एकाएकी आलेलं, एकाच बाजूचं, सुजलेलं, खाजणारं काळं असेल तर डबीआधी डॉक्टर. पुरवणीत याचीही एक ओळ मावली असती.

भाचीचा एक डोळा मी केला, दुसरा तिनं स्वतः केला. पहिल्यांदा तिनं नारंगी जरा जास्त घेतला, आणि त्या डोळ्याखाली गंज चढल्यासारखं दिसलं. पुसून पुन्हा केला. दुसऱ्या खेपेला बरोबर जमला. ओळखपत्राचा फोटो मी पाहिला, त्यात ती तीच दिसते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. ती चौकट पुन्हा छापणार असाल तर 'दोन शेड फिकट' हे शब्द काढा (दुसऱ्या अर्थानं काढा) आणि तिथं 'आधी नारंगी, मग आपलीच शेड' एवढं घाला. आणि चौकटीबरोबर जो नमुन्याचा चेहरा छापला होता, त्या मुलीला मुळात काळी वर्तुळंच नव्हती. पुढच्या वेळी ज्यांना आहेत त्यांचा चेहरा घ्या. कुणी मिळालं नाही तर मी बसायला तयार आहे. फोटो खिडकीपाशी काढा, फ्लॅश नको. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापा. आधीचा जरा मोठा छापलात तरी चालेल, तो वडिलांसारखा येतो.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका